डेस्कटॉप आज्ञावलींचे फ्रेमवर्क व रनटाइम : टेंभली येथील आधार नोंदणीच्या संदर्भात एक तुलनात्मक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

संगणकावर स्थापित करून चालविल्या जाणाऱ्या डेस्कटॉप आज्ञावली कोणत्या फ्रेमवर्कमध्ये लिहाव्यात व कोणत्या रनटाइमवर चालवाव्यात, हा प्रश्न सामान्यतः केवळ तांत्रिक मानला जातो. वेग, स्मृतीचा वापर आणि आज्ञावलीकाराची सोय हे त्याचे रूढ निकष होत. परंतु शासनाची एखादी आज्ञावली दुर्गम भागातील नागरिकाची ओळख नोंदविण्यासाठी वापरली जाते, तेव्हा या निकषांत आणखी काही निकषांची भर घालावी लागते. प्रस्तुत शोधनिबंधात १९९१ नंतरच्या प्रमुख डेस्कटॉप फ्रेमवर्कचा व रनटाइमचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून सुरू झालेल्या आधार क्रमांक वितरणाच्या व २०१८ मध्ये नोंदणी आज्ञावलीविषयी निर्माण झालेल्या वादाच्या आधारे त्यांची तुलना केली आहे.

बीजसंज्ञा : डेस्कटॉप आज्ञावली, रनटाइम, फ्रेमवर्क, आधार, नंदुरबार, ई-प्रशासन.

१. प्रस्तावना

दिनांक १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे या जिल्ह्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. सातपुड्याच्या रांगांत विखुरलेले पाडे, उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा आणि भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इत्यादी समाजांची वस्ती ही या जिल्ह्याची ठळक वैशिष्ट्ये आहेत.

याच जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वितरण झाले. या घटनेची राजकीय, प्रशासकीय आणि पुढे घटनात्मक अंगाने विपुल चर्चा झाली. तिची तंत्रज्ञानविषयक बाजू मात्र इतिहासाच्या अभ्यासकांकडून फारशी तपासली गेली नाही. रहिवाशाच्या बोटांचे ठसे, बुबुळांच्या प्रतिमा, छायाचित्र आणि नाव-पत्ता यांची नोंद ज्या साधनाने झाली, ते साधन म्हणजे एका साध्या लॅपटॉपवर चालणारी डेस्कटॉप आज्ञावली होती. सर्व काही महाजालावर नेण्याचा काळ सुरू झालेला असताना ही आज्ञावली डेस्कटॉप स्वरूपाची का ठेवावी लागली आणि त्या निर्णयाची कोणती किंमत मोजावी लागली, हा प्रस्तुत निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) १९९१ ते २०१० या कालखंडातील प्रमुख डेस्कटॉप फ्रेमवर्क व रनटाइम यांच्या विकासाचा आढावा घेणे.
२) देवनागरी लिपीच्या दृष्टीने त्यांची तुलना करणे.
३) आधार नोंदणीसाठी डेस्कटॉप आज्ञावली स्वीकारण्यामागील कारणे स्पष्ट करणे.
४) २०१८ मधील वादाच्या आधारे रनटाइमची निवड आणि विश्वासार्हता यांचा संबंध तपासणे.

३. अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेली तांत्रिक माहिती, भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेली माहिती आणि वृत्तपत्रीय लेखन या दुय्यम साधनांचा त्यासाठी उपयोग केला आहे. आधारच्या घटनात्मक वैधतेचा प्रश्न या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा आहे.

४. संकल्पनांचे स्पष्टीकरण

फ्रेमवर्क म्हणजे आज्ञावलीकारास आयता मिळणारा सांगाडा. खिडक्या, कळी, याद्या, मजकुराच्या चौकटी, माहितीसाठ्याशी जोडणी इत्यादी गोष्टी प्रत्येकाने नव्याने घडवू नयेत, यासाठी त्या एकत्र रचून दिलेल्या असतात. रनटाइम म्हणजे लिहून पूर्ण झालेली आज्ञावली प्रत्यक्ष चालत असताना तिला आधार देणारा थर. काही भाषांत हा थर अगदी पातळ असतो. उदाहरणार्थ, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली आज्ञावली थेट यंत्रभाषेत उतरते व प्रक्रियक ती सरळ वाचतो. काही भाषांत मात्र आज्ञावली एका मधल्या संकेतरूपात राहते आणि रनटाइम तो मधला संकेत चालण्याच्या वेळी यंत्रभाषेत उतरवतो.

या भेदाचे परिणाम दूरगामी आहेत. मधला संकेत वापरणारी आज्ञावली निरनिराळ्या यंत्रांवर चालविणे सोपे जाते; परंतु तोच संकेत वाचून मूळ रचना उलगडणेही तुलनेने सोपे असते. थेट यंत्रभाषेतील आज्ञावली वेगवान व काहीशी अपारदर्शक असते. मात्र प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ती स्वतंत्रपणे तयार करावी लागते. पुढील विवेचनात हा भेद पुन्हा पुन्हा महत्त्वाचा ठरणार आहे.

५. प्रमुख प्रवाहांचा ऐतिहासिक आढावा

५.१ व्हिज्युअल बेसिक

मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाजारात आणले. पडद्यावर कळी व चौकटी ओढून मांडायच्या आणि त्यांच्यामागे थोडकी आज्ञा लिहायची, ही त्याची पद्धत होती. त्यामुळे कार्यालयीन आज्ञावली लिहिण्याचे काम मोठ्या संख्येने नवशिक्यांच्या आवाक्यात आले. १९९७ च्या पाचव्या आवृत्तीपासून यंत्रभाषेत रूपांतर करण्याची सोय झाली, तरीही आज्ञावलीसोबत रनटाइमची फाइल असणे आवश्यकच राहिले. नंदुरबार जिल्हा ज्या वर्षी निर्माण झाला त्याच १९९८ मध्ये त्याची सहावी व अखेरची आवृत्ती आली. एकाच संगणकावरील दोन आज्ञावलींना एकाच सामायिक फाइलच्या दोन वेगळ्या आवृत्त्या लागल्यास एक सुरू होताना दुसरी बंद पडणे, ही या पिढीची ठळक अडचण होती. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीच्या विकासप्रणालीचा आधार पूर्णतः काढून घेतला. तिच्यात लिहिलेल्या आज्ञावली चालाव्यात म्हणून रनटाइम मात्र विंडोजमध्ये पुढेही ठेवण्यात आला. साधन संपले तरी त्या साधनाने घडविलेल्या वस्तू वापरात राहतात, हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातील सर्वपरिचित अनुभव येथेही आला.

५.२ जावा

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा जाहीर केली. एकदा लिहावे व कोठेही चालवावे, अशी तिची प्रतिज्ञा होती. आज्ञावलीचे रूपांतर मधल्या संकेतात होते व प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमवरील आभासी यंत्र तो संकेत चालविते. तिच्या पहिल्या दृश्यसंचात त्या त्या ऑपरेटिंग सिस्टीमचीच बटणे वापरली जात. १९९८ च्या अखेरीस आलेल्या स्विंग या संचात जावा स्वतःच सर्व घटक रेखाटू लागली. त्यामुळे पडदा सर्वत्र सारखा दिसू लागला. पण आज्ञावली सुरू होण्यास वेळ लागणे आणि स्मृती अधिक खर्च होणे या तक्रारी तिला दीर्घकाळ चिकटून राहिल्या. २००६-०७ मध्ये जावाचा मूळ संकेत मुक्त परवान्याखाली खुला करण्यात आला, आणि जानेवारी २०१० मध्ये सन ही कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली.

५.३ डॉट नेट

फेब्रुवारी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉट नेट फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. मधला संकेत, आपोआप होणारे स्मृतिव्यवस्थापन आणि समृद्ध ग्रंथालय ही जावाची वैशिष्ट्ये येथेही होती. एकाच रनटाइमवर अनेक भाषा चालविण्याची सोय ही तिची विशेष भर होती. सामायिक फाइलींच्या आवृत्त्यांचा जुना घोळ मिटविण्याचा प्रयत्नही तिने केला. डेस्कटॉपसाठी प्रथम विंडोज फॉर्म्स आणि २००६ मध्ये डब्ल्यूपीएफ हे दृश्यसंच देण्यात आले. रनटाइमचे प्रमाणीकरण २००१ मध्येच झाले होते व जून २००४ मध्ये मोनो या मुक्त प्रकल्पाची पहिली आवृत्तीही आली. तथापि दृश्यसंच मुख्यतः विंडोजशी बांधलेले राहिले. २०१६ मध्ये डॉट नेट कोअर इतर ऑपरेटिंग सिस्टीमवर चालू लागल्यानंतरही विंडोज फॉर्म्स व डब्ल्यूपीएफ विंडोजपुरतेच मर्यादित राहिले. रनटाइम मुक्त होणे आणि त्यावरील फ्रेमवर्क मुक्त होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

५.४ क्यूटी व अन्य संच

नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीने १९९५ मध्ये क्यूटी हा सी प्लस प्लसवर आधारित संच प्रसिद्ध केला. एकाच मूळ संकेतावरून विंडोज, लिनक्स इत्यादींसाठी स्वतंत्र यंत्रभाषेतील आज्ञावली तयार करणे ही त्याची पद्धत होती. लिनक्सवरील केडीई हे कार्यपटल त्यावर उभे राहिले. त्याच्या परवान्याविषयी मुक्त आज्ञावलींच्या वर्तुळात तीव्र मतभेद झाले. २००० मध्ये जीपीएल आणि २००९ मध्ये एलजीपीएल परवाना स्वीकारल्यानंतर ते निवळले. या मतभेदांच्या काळातच जीटीके हा संच पर्याय म्हणून पुढे आला. भारतात सी-डॅकने २००७ मध्ये बॉस ही लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीम प्रसृत केली. परंतु तालुका पातळीवरील कार्यालये आणि खासगी सेवा केंद्रे यांत विंडोजचेच प्राबल्य राहिले. त्यामुळे कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर चालण्याची क्षमता हा गुण भारतीय कार्यालयांत बहुधा कागदावरच राहिला.

६. देवनागरी लिपीचा निकष

महाराष्ट्रातील प्रशासनाच्या दृष्टीने फ्रेमवर्कची पहिली परीक्षा लिपीची होती. १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाच्या साहाय्याने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या आणि १९९१ मध्ये इस्की हे राष्ट्रीय मानक निश्चित झाले. विंडोजवर मात्र आठ बिटांच्या फॉन्टची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असे व केवळ फॉन्टमुळे ते देवनागरी दिसे. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडल्यास त्यातून निरर्थक चिन्हे उमटत. असा मजकूर नीट शोधता येत नसे आणि वर्णानुक्रमे लावताही येत नसे.

व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीतील मूळ दृश्यघटक युनिकोडसाठी घडविलेले नव्हते; त्यामुळे त्या पिढीतील मराठी आज्ञावली अशा फॉन्टवरच विसंबून राहिल्या. विंडोज २००० मध्ये ऑपरेटिंग सिस्टीमच्या पातळीवर देवनागरी जोडाक्षरांची रचना होऊ लागली. जावाच्या २००२ मधील १.४ या आवृत्तीत देवनागरी दर्शविण्याची सोय झाली आणि डॉट नेट आरंभापासूनच युनिकोडवर उभी होती. म्हणजेच २००२ हे वर्ष मराठी डेस्कटॉप आज्ञावलींच्या दृष्टीने संक्रमणाचे वर्ष मानता येते. त्यापूर्वीची माहिती नंतर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हे स्वतंत्र व कष्टाचे काम ठरले.

नंदुरबारच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आधार नोंदणीत नाव व पत्ता इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, म्हणजे येथे मराठीत, नोंदविला जाई. लिप्यंतराची सोय आज्ञावलीतच होती. परंतु भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव उच्चारातून मराठी वळणात आणि तेथून इंग्रजी वर्णांत जाताना त्याचे रूप पालटण्याचा संभव असतो. शिधापत्रिकेवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे रूप असले, की लाभ मिळविताना अडचण येते. फ्रेमवर्क लिपी अचूक दाखवू शकते. नाव अचूक ऐकण्याचे काम मात्र संगणकासमोर बसलेल्या माणसालाच करावे लागते. नोंदणी संचात रहिवाशाला स्वतःची माहिती पाहता यावी म्हणून दुसऱ्या पडद्याची तरतूद होती. ती या दृष्टीने योग्यच होती. पण निरक्षर रहिवाशाला तिचा उपयोग मर्यादित होता.

७. आधार नोंदणी आज्ञावली : डेस्कटॉप स्वरूपाची कारणे

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना जानेवारी २००९ मध्ये झाली व त्याच वर्षी श्री. नंदन नीलेकणी यांची अध्यक्षपदी नियुक्ती झाली. आज्ञावली विकसित करण्याचे कंत्राट २०१० मध्ये बंगळुरूच्या माइंडट्री कंपनीस देण्यात आले. प्रत्यक्ष नोंदणीचे काम राज्य शासने, बँका इत्यादी निबंधक आणि त्यांनी नेमलेल्या संस्था यांच्यामार्फत होणार होते. सर्व संस्थांनी एकच प्रमाणित आज्ञावली वापरावी, असे धोरण ठरले. या आज्ञावलीचे ईसीएमपी हे नाव ती अनेक प्रकारच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालावी, हा हेतू दर्शविते.

ही आज्ञावली महाजालावरील संकेतस्थळाच्या स्वरूपात का दिली गेली नाही, याचे उत्तर नोंदणीच्या आकारमानात दडले आहे. दहा बोटांचे ठसे, दोन बुबुळांच्या प्रतिमा, छायाचित्र व इतर माहिती मिळून एका व्यक्तीचे पॅकेट सुमारे ५ मेगाबाइटचे होई. त्या काळातील ५६ किलोबिट वेगाच्या दूरध्वनी जोडणीवरून असे एक पॅकेट पाठविण्यास आदर्श परिस्थितीतही सुमारे १२ मिनिटे लागतील. दिवसाला ५० व्यक्तींची नोंदणी झाली असे मानल्यास केवळ पाठविण्यासच १० तास हवेत. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील ज्या पाड्यांवर जोडणीच नव्हती, तेथे हा हिशेबही लागू पडत नाही.

म्हणून जोडणीविना नोंदणी ही पद्धत स्वीकारण्यात आली. लॅपटॉप, ठसे व बुबुळे टिपणारी उपकरणे, कॅमेरा आणि विजेची पर्यायी सोय असा संच गावात न्यायचा. नोंदणी पूर्ण होताच पॅकेट २०४८ बिटांच्या सार्वजनिक किल्लीच्या आधारे कुलूपबंद करायचे. आणि नंतर जोडणी असलेल्या ठिकाणाहून ते मध्यवर्ती माहितीकोशाकडे पाठवायचे. हे कुलूप उघडणारी किल्ली केवळ मध्यवर्ती केंद्रात असल्याने वाटेत लॅपटॉप वा पेन ड्राइव्ह हरवला, तरी माहिती वाचता येऊ नये, अशी योजना होती. निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे जोडता यावीत म्हणून उपकरणांशी बोलणारा थर मुख्य आज्ञावलीपासून वेगळा ठेवण्यात आला होता.

तांत्रिक दृष्टीने पाहता उपकरणांशी थेट संवाद, जोडणीविना काम आणि स्थानिक साठवण या तिन्ही गरजा त्या काळातील ब्राउझरमध्ये पुरेशा भागत नव्हत्या. सामाजिक दृष्टीने पाहता या निर्णयामुळे जोडणी नसलेल्या गावातील रहिवासी आरंभीच योजनेबाहेर राहिला नाही. टेंभलीची निवड ज्या हेतूने झाली, त्या हेतूशी डेस्कटॉप आज्ञावलीची निवड सुसंगत होती. एप्रिल २०१६ मध्ये आधारधारकांची संख्या १०० कोटींवर गेली, यात या पद्धतीचा वाटा निश्चितच मोठा आहे.

८. २०१८ मधील वाद

सप्टेंबर २०१८ मध्ये हफपोस्ट इंडिया या वृत्तसंस्थेने नोंदणी आज्ञावलीविषयी एक शोधवृत्त प्रसिद्ध केले. आज्ञावलीतील सुरक्षाव्यवस्था निष्प्रभ करणारा एक पॅच सुमारे २,५०० रुपयांना उपलब्ध असल्याचे त्यात म्हटले होते. या पॅचमुळे नोंदणी करणाऱ्या ऑपरेटरची जैविक पडताळणी टाळता येते, नोंदणीचे ठिकाण कळविणारी जीपीएस सुविधा बंद करता येते आणि बुबुळ ओळखण्याची काटेकोरता कमी करता येते, असा त्या वृत्ताचा दावा होता. तो पॅच आज्ञावलीच्या जुन्या आवृत्तीतील, कमी सुरक्षा असलेल्या भागांतून तयार झाला असून, जावा ग्रंथालयांचा एक फोल्डर बदलून तो बसविता येतो, असेही त्यात नमूद होते. प्राधिकरणाने हे दावे फेटाळले. प्रत्येक नोंदणीची जैविक माहिती मध्यवर्ती कोशातील सर्व नोंदींशी ताडून पाहिली जाते आणि आवश्यक त्या तपासण्या झाल्याशिवाय आधार क्रमांक दिला जात नाही, अशी त्याची भूमिका होती.

या दोन भूमिकांकडे तांत्रिक दृष्टीने पाहिल्यास त्या परस्परांना पूर्णतः छेद देत नाहीत. वृत्तातील आक्षेप नोंदणी करणाऱ्या संगणकावर होणाऱ्या तपासण्यांविषयी होता. प्राधिकरणाचे उत्तर मध्यवर्ती तपासणीविषयी होते. एकाच व्यक्तीला दोन क्रमांक मिळणे मध्यवर्ती तुलनेने रोखता येते. परंतु नोंदणी करणारा ऑपरेटर अधिकृत आहे की नाही आणि तो नेमक्या कोणत्या गावी बसला आहे, हे सांगणारी माहिती जर संगणकावरच तयार होत असेल, तर तो संगणक ज्याच्या हाती आहे त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

हा दोष जावाचा होता काय, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. जावाचा मधला संकेत उलगडण्यास सोपा असतो व ग्रंथालये स्वतंत्र फाइलींत असतात, हे खरे. हीच गोष्ट डॉट नेटबाबतही लागू पडते. क्यूटीसारख्या संचात आज्ञावली थेट यंत्रभाषेत असती, तर फेरफार करण्यास अधिक कौशल्य व वेळ लागला असता. पण तो अशक्य झाला नसता. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याला यंत्रावरील कोणतीही आज्ञावली अखेर बदलता येते, हे सर्व रनटाइमना समान असलेले सत्य आहे. रनटाइमची निवड अडथळ्याची उंची ठरविते. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न ती सोडवीत नाही.

९. भूमी प्रकल्पाशी तुलना

हा मुद्दा कर्नाटकातील भूमी प्रकल्पाशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होतो. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या बेळगाव जिल्ह्यासह कर्नाटकातील १७७ तालुक्यांत जमिनीच्या नोंदींचे संगणकीकरण या शतकाच्या आरंभी करण्यात आले. त्याची आज्ञावली व्हिज्युअल बेसिकमध्ये असून माहितीसाठा एसक्यूएल सर्व्हरवर होता. अधिकृत कर्मचाऱ्यालाच प्रवेश मिळावा म्हणून तेथेही बोटाच्या ठशाची पडताळणी वापरण्यात आली.

फ्रेमवर्कच्या दृष्टीने भूमीचे साधन जुन्या पिढीतील होते. परंतु तेथील संगणक तालुका कार्यालयात, शासनाच्या ताब्यात आणि उत्तरदायी कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली होते. आधार नोंदणीचे लॅपटॉप मात्र असंख्य खासगी संस्थांच्या हाती होते. दोन्हीकडे कर्मचाऱ्याचा ठसा तपासला जात असला, तरी त्या तपासणीचा अर्थ भिन्न होता. पहिल्या ठिकाणी संस्थेच्या शिस्तीला यंत्राची जोड मिळाली होती. दुसऱ्या ठिकाणी संस्थेच्या शिस्तीची उणीव यंत्राने भरून काढावी अशी अपेक्षा होती.

मात्र भूमीची ही सुरक्षितता अंतराच्या बदल्यात मिळालेली होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शेतकऱ्याला तालुक्याच्या गावी जावे लागे. आधार नोंदणीत यंत्र गावापर्यंत आले. २०१७ मध्ये प्राधिकरणाने नोंदणी केंद्रे शासकीय आवारांत आणि बँका व टपाल कार्यालये अशा ठिकाणी हलविण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा विश्वासार्हता वाढली. त्याचबरोबर सातपुड्यातील पाड्यावरून केंद्रापर्यंतचे अंतर पुन्हा रहिवाशाच्या माथी आले. त्याच वर्षी आधारद्वारे प्रमाणीकरण करणारी उपकरणे नोंदणीकृत असणे बंधनकारक करण्यात आले, म्हणजे ठसा वापरणाऱ्या आज्ञावलीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच कुलूपबंद होऊ लागला. विश्वासाचे ठिकाण संगणकाकडून उपकरणाकडे सरकण्याची ही प्रक्रिया होती.

१०. तुलनात्मक विवेचन

वरील विवेचनावरून शासकीय डेस्कटॉप आज्ञावलींच्या तुलनेसाठी पुढील चार निकष महत्त्वाचे ठरतात.

पहिला निकष जोडणीचा. जोडणीविना काम करण्याची क्षमता व्हिज्युअल बेसिक, जावा, डॉट नेट व क्यूटी या चारही प्रवाहांत होती. ही क्षमता त्या काळातील ब्राउझरमध्ये पुरेशी नव्हती. म्हणून २०१० मध्ये खरी निवड या चौघांतील कोणा एकाची नव्हती. ती डेस्कटॉप आणि महाजाल यांच्यातील होती.

दुसरा निकष लिपीचा. या बाबतीत २००२ पूर्वीची व नंतरची पिढी असा स्पष्ट भेद दिसतो. डॉट नेट व जावा या दोन्ही रनटाइमनी युनिकोडचा पाया दिल्याने मराठी मजकूर शोधता, जुळविता व अन्यत्र नेता येऊ लागला.

तिसरा निकष आयुर्मानाचा. शासकीय नोंदी पिढ्यान्‌पिढ्या टिकाव्या लागतात. फ्रेमवर्कचे आयुष्य मात्र अनेकदा त्याहून बरेच कमी असते. व्हिज्युअल बेसिकचा आधार संपला, जावाचे मालक बदलले, डॉट नेटचे स्वरूप पालटले. २०१३ मध्ये इलेक्ट्रॉन या फ्रेमवर्कचा आरंभ झाला. त्यात प्रत्येक आज्ञावली स्वतःसोबत संपूर्ण ब्राउझर घेऊन येते. आज्ञावलीकाराचे श्रम त्यामुळे वाचतात, पण स्मृतीचा खर्च वाढतो व जुन्या, कमी क्षमतेच्या संगणकांवर त्याचा भार पडतो. ग्रामीण महाविद्यालयांत व सेवा केंद्रांत असे संगणक दीर्घकाळ वापरले जातात, हे लक्षात घेता या खर्चाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

चौथा व सर्वांत महत्त्वाचा निकष विश्वासाचा. मधल्या संकेतावर चालणारे रनटाइम आणि थेट यंत्रभाषेतील आज्ञावली यांच्यातील फरक येथे अंशात्मक आहे. ज्या तपासणीवर नागरिकाचा हक्क वा शासनाची विश्वासार्हता अवलंबून आहे, ती परक्या हाती असलेल्या यंत्रावर सोपविता कामा नये; जोडणीअभावी ती तेथे करावीच लागली, तर मध्यवर्ती ठिकाणी तिची फेरतपासणी व्हावी, हे तत्त्व सर्व फ्रेमवर्कना सारखेच लागू आहे.

हे चार निकष परस्परांना पूरक असतातच असे नाही. पहिला निकष यंत्राला गावाकडे खेचतो, तर चौथा त्याला कार्यालयाकडे. या ओढाताणीत समतोल साधण्याचे काम कोणतेही फ्रेमवर्क करू शकत नाही. तो प्रशासकीय निर्णय असतो आणि त्याची किंमत अखेर सर्वांत दूरच्या पाड्यावरील माणूस मोजतो.

११. निष्कर्ष

१) १९९१ नंतरच्या डेस्कटॉप फ्रेमवर्कचा इतिहास हा आज्ञावलीकाराचे श्रम उत्तरोत्तर रनटाइमकडे सोपविण्याचा इतिहास आहे. त्यातून उत्पादनक्षमता वाढली, तसेच रनटाइमच्या मालकावरील अवलंबित्वही वाढले.

२) मराठी प्रशासनाच्या दृष्टीने युनिकोडचा आधार हा वेगाहून अधिक निर्णायक गुण ठरला.

३) आधार नोंदणीसाठी डेस्कटॉप आज्ञावलीची निवड २०१० च्या परिस्थितीत समर्थनीय होती. तिच्यामुळे नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील जोडणी नसलेली गावे नोंदणीच्या कक्षेत आली.

४) २०१८ मधील वादाचे मूळ एखाद्या भाषेच्या उणिवेपेक्षा यंत्रांच्या ताब्याच्या व्यवस्थेत शोधणे अधिक उचित ठरते.

५) अभ्यासक्रमांत फ्रेमवर्कची तुलना शिकविताना वेग व सोय यांच्या जोडीला जोडणी, लिपी, आयुर्मान व विश्वास या निकषांचा समावेश होणे आवश्यक आहे. संगणकशास्त्र, इतिहास आणि लोकप्रशासन या विभागांनी एकत्र येऊन असा अभ्यास जिल्हापातळीवर हाती घेतल्यास, यंत्रांच्या इतिहासात आजवर न आलेला नोंदणी केंद्रावरील माणूस त्या इतिहासात येऊ शकेल.